तीनशे सहा किलोमीटर

चौथ्या मजल्यावरची नर्स सायकल बघायला आली तेव्हा मी चहाचा कप विसळत होतो. शुक्रवारची संध्याकाळ होती. पहाटेची पाळी असली की तिला बस मिळत नाही, आणि माझ्या गॅलरीत दोन सायकली सात महिने नुसत्या उभ्या आहेत हे तिला रस्त्यावरून येता-जाता दिसत होतं. आठवडाभर धीर गोळा करून तिने जिन्यात विचारलं होतं, काका, काकूंची सायकल कुणाला देणार आहात का? मी लगेच हो म्हटलं होतं. वस्तू पडून राहिली की खराब होते, एवढंच मला कळतं. ती गॅलरीत गेली, घंटी वाजवून पाहिली, सीटवर तळहात दाबला, टायर चिमटीत धरले. मग म्हणाली, "काका, किती चाललीय ही?"

"माझी चाललीय तेवढीच," मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच सांगितलं. "दोन्ही एकाच दिवशी घेतल्या. एकीला सोडून दुसरी कधी बाहेर पडली नाही. पुढच्या चाकापाशी मीटर आहे बघा, आकडा वाचा."

ती उकिडवी बसली. बोटाच्या पेराएवढं ते मीटर, त्याची काच तिने अंगठ्याने पुसली आणि आकडा वाचला. मग सहज म्हणून माझ्या सायकलीचा वाचला. मग पुन्हा पहिला. "नाही हो काका. काकूंची जास्त आहे. तीनशे सहा किलोमीटर जास्त." ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात. मी म्हटलं, "असेल." कप धुऊन झाला होता, तो पुन्हा विसळला. रविवारी संध्याकाळी सायकल न्यायची असं ठरवून ती गेली. दारातून म्हणाली, "जपून वापरीन हं मी."

मी एकतीस वर्षं पाण्याची मीटरं तपासली. पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेत लांब लोखंडी टेबल होतं, त्यावर ओळीने पाच मीटरं बसवायची, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला मापाची टाकी. टाकी भरली की नळ बंद करायचा आणि पाचही आकडे वाचायचे. लोक तावातावाने यायचे, आमचं मीटर पळतंय म्हणायचे. पळणारी मीटरं मी एकतीस वर्षांत मोजून सात-आठ पाहिली असतील. मीटर म्हातारं झालं की आतलं चाक झिजतं, पाणी बाजूने निसटतं, आणि ते कमी मोजायला लागतं. जास्त मोजत नाही. हे मी लोकांना समजावून सांगायचो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडी मजाही यायची. पाणी तुमच्याच घरात गेलंय, मी म्हणायचो, फक्त कुठे गेलं ते तुम्हाला ठाऊक नाही. संडासाची टाकी बघा, फरशीखालचा पाइप बघा, घरात विचारा. एकदा एक गृहस्थ रागाने म्हणाला होता, "म्हणजे माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं होतं, मीटर तसं म्हणतंय. टेबलावरचे सगळे हसले होते. तो माणूस कसा हात खिशात घालून उभा राहिला होता, ते त्या संध्याकाळी मला गॅलरीत स्पष्ट दिसलं. मीही तसाच उभा होतो.

मग मी जे येतं ते केलं. दाराबाहेरच्या लांब बोळात फरशीवर खडूने रेघ मारली, पुढचं चाक रेघेवर ठेवलं, दहा फेरे फिरवले, कुठे पोचलं तिथे दुसरी रेघ मारली. आधी तिची सायकल, मग माझी. दोन्ही एकाच रेघेवर आल्या. चाकाच्या तारेला एक खुंटी असते, ती दर फेऱ्याला मीटरच्या दातेरी चाकाला एक टिचकी मारते, बस, एवढंच ते यंत्र. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. तीनशे सहा किलोमीटर खरे होते. आमचं सायकल चालवणं ठरलेलं होतं. तीन महिन्यांतून एकदा, शनिवारी सकाळी निघायचं, शहर मागे टाकायचं, शेतांमधल्या रस्त्याने रमतगमत पन्नासेक किलोमीटर जायचं, टेकडीच्या पायथ्याशी एका बाईचं चार खोल्यांचं लॉज आहे तिथे मुक्काम करायचा आणि रविवारी परत. नऊ वर्षांत छत्तीस वेळा. तेवढ्यासाठीच सायकली गॅलरीतून खाली जायच्या, एरवी नाही. निदान मी तरी असंच धरून चाललो होतो. आता डोक्यात किडा शिरला. त्या नऊ वर्षांतली सात मी नोकरीत होतो. सकाळी आठला बाहेर पडायचो, सहाला परत यायचो. घराची किल्ली तिच्याकडे असायची आणि दिवस तिचा असायचा. मनात नको ते आलं. मेलेल्या बायकोबद्दल असं मनात आणणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण आलं ते आलं. तिची उशी अजून पलंगावर होती. मी त्या बाजूला पाठ करून झोपलो.

त्याआधी मुलीला फोन केला होता. ती दुसऱ्या शहरात असते, रोज आठ वाजता माझं जेवण झालं का विचारते. मी म्हटलं, "आई एकटी कधी सायकल घेऊन जायची का गं?"

"आई? तुम्हाला सोडून? बाबा, ती तुम्हाला सोडून ब्रेड आणायला गेली नाही कधी. का?"

"मीटरमध्ये फरक येतोय."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात ना? मग मीटरांना पण होऊ द्या की. सायकल देऊन टाका, दुसरीही द्या, आणि या इकडे. किती वेळा सांगायचं? तिथे एकटे बसून आकडे वाचत बसणार का?"

"बघतो," मी म्हटलं.

"तुमचं बघतो म्हणजे नाही, ते मला पाळण्यात असल्यापासून माहिती आहे."

मी फोन ठेवला आणि पाना शोधला. टेबलावर बरोबर येणारं मीटर लाइनीवर चुकू शकतं, पाण्यात हवा असते, पाइप वाकडा असतो, म्हणून शंका असली की जागेवर जाऊन तपासायचं, हा आमच्या कामाचा नियम. मी तिच्या सायकलीचं मीटर काढलं आणि माझ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला डाव्या बाजूने बसवलं. उजवीकडे माझं, डावीकडे तिचं, दोघांना वेगवेगळ्या खुंट्या, चाक एकच. आता रस्त्यावर फरक पडला तर मीटर खोटं. नाही पडला तर मग मी शोधणार होतो. कसा ते ठाऊक नव्हतं, पण रविवारी संध्याकाळच्या आत शोधणार होतो. ज्या सायकलीवरून ती कुठे गेली हे मला माहीत नाही, ती सायकल मी दुसऱ्याच्या हातात देणार नव्हतो.

शनिवारी सातला निघालो. सात महिन्यांनी बसलो होतो, पहिल्या पुलावरच मांड्या भरून आल्या. गोदामं संपली, विटांच्या भट्ट्या संपल्या, मग दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं आणि मध्ये अरुंद डांबरी रस्ता. हवा थंड होती, नाकातून पाणी येत होतं. टिचक्या आता जोडीने पडत होत्या, टिकटिक, टिकटिक, आणि त्याने मला चैन पडत नव्हतं. पण त्याहून जास्त बेचैन करत होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते काय हे कळायला मला दहा किलोमीटर लागले. मागे आवाज नव्हता. नऊ वर्षं मी पुढे आणि ती मागे अशीच आम्ही सायकल चालवली. पहिल्याच खेपेला परतताना एका खडीच्या वळणावर ती घसरून पडली होती, गुडघा फुटला होता, आणि तेव्हापासून मी सांगून टाकलं होतं, तू माझ्या मागे राहायचं, वेग मी ठरवणार. तिला झेपेल असा वेग मी धरायचो. इतर सायकलवाले भर्रकन पुढे निघून जायचे, मी जाऊ द्यायचो. बायको बरोबर आहे, मी स्वतःशी म्हणायचो, आपण काय शर्यतीला आलोय का? तीही मागून म्हणायची, "अहो, मुंग्या पुढे चालल्यात आपल्या." मी म्हणायचो, "जाऊ देत, त्यांना कामं असतात." आणि मग ती हसायची आणि मागून तिच्या सायकलीचा किर्रर आवाज यायचा. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून येतो तो. मी त्या आवाजावर विसंबून असायचो. किर्रर आला की समजायचं, आहे मागे, दमलीय, पाय थांबवलेत, आपण अजून थोडं हळू घेऊ. मी वळून बघायचो नाही. वळून बघितलं की हँडल हलतं.

दर पाच किलोमीटरच्या दगडाला उतरून मी दोन्ही आकडे वाचत होतो. दहाव्या दगडाला बरोबर, पंधराव्याला बरोबर, तिसाव्याला बरोबर. एक मेंढ्या हाकणारा माणूस थांबून बघत राहिला. "काय हरवलं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, तपासतोय." "मग सापडेल," तो म्हणाला आणि गेला. दुपारी पिंपळाच्या झाडाखाली बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. इथेच बसायचो. ती अंड्याचं पिवळं मला द्यायची, मग डॉक्टरांनी मला बंद केल्यावर स्वतः खायला लागली, आणि म्हणाली, इतकी वर्षं उगीच दिलं, बरं लागतं की. त्या आठवणीवर मी हसलो असतो. पण एकदम वाटलं, तिला काय बरं लागायचं ते तिने मला कधी सांगितलं? तिने सांगायचं की मी विचारायचं? लग्नाआधी ती आरोग्य खात्यात होती. लसींची बर्फपेटी सायकलला मागे बांधून आठ वर्षं वस्त्यावस्त्यांवर फिरली होती, पावसाळी दिवसांत चिखलातून, चढावर, एकटी. हे मला माहीत होतं. पण ते एखाद्याची जन्मतारीख माहीत असते तसं. त्याचं मी कधी काही केलं नव्हतं.

तीन वाजता लॉजवर पोचलो. शेवटचा आकडा अंगणातच वाचला. दोन्ही मीटरं पन्नास पूर्णांक सहा दशांश चालली होती, दोन्ही सारखीच. तिचं मीटर खरं होतं. म्हणजे गळती घरातच होती.

लॉजवाली बाई अंगणात चादरी वाळत घालत होती. सत्तरीची, जाड, पायात पुरुषी बूट. मला पाहून तिने फाटकाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "आज मागे पडल्या का बाई?"

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगणं मला आता जमायला लागलंय. हृदयाची झडप होती, ऑपरेशनपर्यंत पोचलोच नाही. तिने ओली चादर तशीच खांद्यावर टाकली आणि दगडावर बसली. म्हणाली, "मग आता पहाटे कडी कोण काढणार माझी?"

"कसली कडी?"

"फाटकाची हो. त्या आल्या की त्याच काढायच्या. मला म्हणायच्या, तुम्ही झोपा, मी जाताना काढते आणि आल्यावर चहा ठेवते."

"जाताना म्हणजे? कुठे जाताना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "कुठे म्हणजे? वर." हनुवटीने तिने लॉजच्या मागची टेकडी दाखवली. रस्ता वळणं घेत वर जातो, खिंडीत लोखंडी पाटी आहे, हे मला माहीत होतं. आम्ही तिकडे कधी गेलो नव्हतो. तो चढ तिला झेपणार नाही म्हणून मी पहिल्याच वर्षी तो विषय बंद केला होता. "तुम्ही घोरत असायचात," बाई म्हणाली. "त्या उजाडताना निघायच्या, पाटीला हात लावून परत. साडेचार किलोमीटर जायला, साडेचार यायला. तुम्ही दाढी करून खाली उतरेपर्यंत चहा पीत बसलेल्या."

माझे हात सायकलवर होते ते तसेच राहिले. नऊ किलोमीटर. मी भागाकार केला, तो मी न करताच झाला. चौतीस. छत्तीस खेपा आणि चौतीस चढ. "दोनदा गेली नाही ती," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" बाईला नवल वाटलं. "हो, एकदा तुमची पाठ धरली होती, रात्रभर शेकत बसल्या होत्या. आणि एकदा ती शेवटची. कडी काढली, सायकल बाहेर काढली, आणि पायरीवर बसून राहिल्या. मी म्हटलं, जायचं नाही का? तर म्हणाल्या, आज इथूनच बघते."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?" आवाज चढला होता. कुणावर चढला होता ते माहीत नाही.

बाई उठली, चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले. तिची पाठ माझ्याकडे होती. "मी म्हटलं होतं एकदा, साहेबांनाही न्या की वर. तर हसल्या. म्हणाल्या, त्यांना वाटतं ते माझ्यासाठी हळू चालवतात. वाटू दे. त्यांना त्यात फार बरं वाटतं."

संध्याकाळी तिने बटाट्याचं सूप दिलं, मी प्यालो. खोली तीच होती, तीन नंबर, टेकडीच्या बाजूला खिडकी. अंधार पडायच्या आत मी झोपलो आणि झोपही लागली, याची मला लाज वाटली नाही. आता शोधायचं काही उरलं नव्हतं. आता करायचं उरलं होतं.

उजाडताना कडी मीच काढली. गार लोखंड. फाटकाबाहेर सायकल उभी करून मी खाली वाकलो आणि डाव्या बाजूची खुंटी, तिच्या मीटरची, पान्याने ढिली करून काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तिचं मीटर थांबलं. तिचे चौतीस झाले होते. आता मोजायचे ते माझे. पहिल्या वळणापर्यंत मी बसून गेलो, दुसऱ्याला छाती भात्यासारखी झाली, तिसऱ्याच्या आधीच उतरलो आणि ढकलत निघालो. ढकलतानाही चाक फिरतं, मीटर टिचकी मोजतं, वर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. आणि ढकलताना मागच्या चाकातून किर्रर आवाज यायला लागला. मी थांबलो. आवाज थांबला. निघालो, पुन्हा आला. पाय पायडलवर नसला की येतो. जोर लावताना येत नाही. ही गोष्ट लहान मुलालाही माहीत असते, मलाही होती. नऊ वर्षं तो आवाज माझ्या पाठीशी होता आणि मी त्याचा अर्थ दमली असा लावत होतो. सपाट रस्त्यावर दमलेला माणूस पाय थांबवून माझ्या मागे राहील कसा? तो मागे पडेल. तिचे पाय थांबायचे कारण तिला जोर लावायची गरज नव्हती. माझ्या वेगाला तिला दोन-चार पायडलं मारून स्वस्थ बसता यायचं. आणि ते ब्रेकचे रबर! तिचे मी माझ्यापेक्षा दुप्पट वेळा बदलले. दर खेपेनंतर गॅलरीत बसून बदलायचो आणि म्हणायचो, "एवढा ब्रेक कशाला लागतो गं तुला? घाबरट कुठली." ती म्हणायची, "घाबरट तर घाबरट. तुम्ही आहात ना पुढे." पुढे मी होतोच, त्यामुळेच तर ती ब्रेक लावत होती.

रस्त्याच्या कडेला मी सायकल आडवी केली आणि बसलो. दम लागला होता हे एक कारण. पण दुसरी गोष्ट आता येणार हे मला कळलं होतं, आणि ती उभ्याने घ्यायची माझी तयारी नव्हती. शेवटच्या खेपेला आवाज आला नव्हता. संपूर्ण जाताना नाही, येताना नाही. मला आठवत होतं, कारण मी त्यावर खूश झालो होतो. पिंपळाखाली बसल्यावर मी तिला म्हटलं होतं, "आज झकास चालवतेस तू. एकदाही पाय थांबवले नाहीस." तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हो ना." एवढंच. मी, जमिनीवर कान लावून फरशीखालची गळती सांगणारा माणूस. साहेब लोक मला गाडीत घालून न्यायचे त्यासाठी. ती पहिल्यांदा माझ्या वेगाने चालायला जिवाचा आटापिटा करत होती आणि मी शाबासकी दिली. दीड महिन्याने डॉक्टरने चित्र काढून झडप कुठे गळते ते दाखवलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, हे आधी कळलं नसतं का? तो म्हणाला होता, लक्षणं लपून राहतात कधीकधी. लपली नव्हती. मोजली जात होती. वाचणारा कच्चा होता.

मी रडलो असं नाही. हाताला लागलेली खडी झटकली आणि उठलो. तिथे बसून राहण्याने नऊ किलोमीटर होणार नव्हते. उरलेल्या चढात आणखी दोनदा उतरलो, दोनदा बसलो, आणि शेवटचं वळण बसूनच घेतलं, हँडलवर इतका वाकून की मला रस्त्याशिवाय काही दिसत नव्हतं. पाटी आली. गंजलेली, अक्षरं पुसट, आणि उजवा कोपरा मात्र हात लागून लागून गुळगुळीत. तो तिच्याच हाताने झाला असेल असं मी म्हणणार नाही, रस्ता चालता आहे, कुणीही हात लावत असेल. मी त्याच कोपऱ्याला हात लावला. मग मागे वळून खाली पाहिलं, कारण वर आलेला माणूस तेच करतो. धुकं निवळत होतं. रस्ता सगळा दिसत होता, काल मी आलो तो, आम्ही यायचो तो, शेतांमधून पडलेल्या दोरीसारखा. आणि टेकडीच्या पायथ्याला लॉजचं पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली एक खिडकी. एकच. इथून तीन नंबरची खिडकी दिसते, दुसरी कुठलीच नाही. उठलो की मी पहिल्यांदा खिडकी उघडतो. लग्न झाल्यापासून. तिला ते ठाऊक होतं. मी उघडली की ती इथून निघत असणार, उतार आहे, दहा-बारा मिनिटं, माझी दाढी तेवढीच चालते. तिचा हिशेब होता तो. किती वेळ ती इथे उभी राहत असेल? काय विचार करत असेल? ते कुठल्याच मीटरवर नव्हतं आणि मला ते कधीही कळणार नव्हतं, आणि पहिल्यांदाच न कळणारी गोष्ट मी तपासायला घेतली नाही. तिचं काहीतरी तिच्याकडे राहिलं, राहू दे.

खाली खिडकी उघडली. चादरी काढायला बाई खोलीत गेली असणार. उघडी खिडकी मी पाहिली आणि सवय असल्यासारखा सायकलवर बसलो आणि निघालो.

खाली बाईने विचारलं, "लागला का पाटीला हात?" मी म्हटलं, लागला. खुंटी पुन्हा डाव्या तारेला बसवली, पुढचा रस्ता दोघांचा होता. बाईला सांगितलं, पुढच्या शनिवारी तीन नंबर राखून ठेवा. त्याच्या पुढच्याही. "आणि सकाळी किती वाजता उठवू?" ती म्हणाली. "उठवू नका," मी म्हटलं. "कडी मी काढतो."

संध्याकाळी नर्स आली तेव्हा मी तिच्यासाठी सायकल पुसून ठेवली होती. साखळी साफ केली होती, ब्रेकला नवे रबर घातले होते. "रबर लवकर झिजणार नाहीत," मी सांगितलं. "तुमच्या पुढे कुणी नसलं तर." तिला ते कळलं नाही, ती हसली. मग वाकून पाहिलं. "काका, हिचं मीटर कुठे गेलं?"

"ते माझ्याकडे राहील. तुमचं तुम्ही पहिल्यापासून मोजा."

माझ्या सायकलीच्या चाकाला दोन मीटरं पाहून ती उकिडवी बसलीच. सवयच ती, आकडा दिसला की वाचायचा. ओठ हलवत तिने वजाबाकी केली. "दोनशे सत्त्याण्णव. काका, परवा तीनशे सहा होता ना फरक? चुकलं का माझं काही?"

"नाही, बरोबर आहे. कमी होतोय."

"किती कमी करणार?"

"सगळा. तेहेतीस शनिवार लागतील. पावसाचे सोडून."

काही विचारावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं, पण तिने विचारलं नाही. नर्स आहे, कुठे थांबायचं ते तिला कळतं. "खाली एक फेरी मारून येते," ती म्हणाली आणि सायकल दारातून बाहेर काढून बोळातून जिन्याकडे ढकलत निघाली. मागच्या चाकातून किर्रर आवाज यायला लागला. मी दारात उभा राहून ऐकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज माझ्या पुढे चालला होता. तो ऐकू येईनासा झाल्यावर मी आत आलो, माझी सायकल उलटी केली आणि साखळीला तेल घालायला बसलो.